वहिनीच्या फोटोची काच

निजामाच्या राज्यातली गोष्ट. परभणीच्या एका फोटोवाल्यानं माझी वहिनी नदीवर केस धूत असताना तिचा चोरून फोटो काढला आणि दुकानाच्या दर्शनी भागात लावला. बाजाराला आलेले लोक थांबून बघायचे. वहिनीनं बाजारच सोडला.

मी घराण्यातला पहिला बी.ए.; अजूनही सांगताना छाती फुगते. उर्दूत तीन पानी दरखास्त लिहून वहिनीसह पोलिसांच्या अमीनसाहेबांकडं गेलो. न्हाणाऱ्या अप्सरांचं एक कॅलेंडर अश्लील म्हणून त्यांनी त्याच सकाळी जप्त केलं होतं. ते टेबलावर उघडं होतं आणि तपास फार बारकाईनं चालला होता.

दरखास्त वाचून साहेब म्हणाले, "बदन पे कपडा है. इसमें जुर्म क्या जी?"

अप्सरांची तक्रार नव्हती, तरी गुन्हा होता. मी कलमं आठवत बसलो. वहिनी पदर सावरून म्हणाली, "जुर्म न्हाई ना सायब? मग बेगमसाहेबांचीबी तस्वीर शेजारी लावा. मला एकटीला लय अवघड वाटायलंय."

साहेबांच्या घरी कडक पडदा. ते ताडकन उठले, दुकानात आले आणि फोटो उतरवायला लावला. मी तो फाडून विजयी मुद्रेनं वहिनीकडं बघितलं.

"भावजी, ज्या काचेवरून छापला ती त्याच्याकडंच हाय की," वहिनी म्हणाली. "उद्या दुसरा काढंल."

तिनं काच मागून घेतली आणि उंबऱ्यावर दगडानं फोडली. पुढच्या बाजाराला ती गेली. कॅलेंडर मात्र कचेरीतून परत आलं नाही; तपास चालूच होता.