दातांच्या कॉलेजला आमची तोंडं हवी होती

"तोंड उघड म्हटलं ना? अजून. अजून मोठं."

पालघरच्या शाळेतल्या बाकावर माझी आई मान मागं टाकून बसली होती. मुंबईचे मोठे डॉक्टर नाकाला रुमाल लावून उभे. भोवती पांढऱ्या कोटातले त्यांचे विद्यार्थी. आई बाजारात मासळी विकून थेट आली होती, वास येणारच. आमची मासळी त्यांना ताटात चालते, आमच्या अंगाला आली की चालत नाय.

साठ सालानंतरची गोष्ट. विद्यापीठाचं दातांचं नवं कॉलेज आमच्या भागात निघणार, खेड्यापाड्यातल्या लोकांसाठी, असं आमच्या सातपाटी गावात घरोघर बोललं जात होतं. त्याआधी हे शिबिर. आईची दाढ कधीची ठणकत होती. मी तिला घेऊन गेले. मोठ्या आशेनं गेले.

आमच्या बाया जाळं विणताना सूत दातांनी तोडतात. समोरच्या दातांना खाच पडते. माझ्याही होती. डॉक्टरांनी आईची खाच पट्टीनं दाखवली आणि पोरांना म्हणाले, "बघा. उंदरासारखं कुरतडतात ही माणसं."

पोरं हसली. आईपण हसली. तोंड तसंच उघडं ठेवून. सगळे हसतायत म्हणून. ते हसणं माझ्या डोक्यातून अजून जात नाय.

दाढ काढली. मग समोरचे दोन दातही काढले. धडधाकट दात. बाटलीत टाकले. ते कशाला, मी विचारलं. तर म्हणे मुलांना शिकायला लागतात, आणि फुकट काढतोय, तुझं काय जातं?

माझं काय जातं. माझ्या आईचं तोंड गेलं मेल्या!

मग मला बसवलं. मला काय दुखत नव्हतं. त्यांना अजून एक खाच दाखवायची होती. डॉक्टरांनी बोट आत घातलं आणि मी चावले. पोरं ओढत होती तरी सोडलं नाय. कानफटात बसली. बसू दे. त्याचं रक्त माझ्या तोंडात होतं आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, आठवलं की अजून वाटतं.

पुढं तीच माणसं सातपाटीला सभा घ्यायला आली. कॉलेजला रोज रोगी लागणार, गावानं रोगी पाठवायचा ठराव द्यावा म्हणाली. मी उठले. डॉक्टरांनी ओळखलं, हात खिशात घातला.

मी विचारलं, "आमच्या पोरी शिकायला घेणार काय?"

डॉक्टरसाहेब हसले. "बाई, कॉलेज तुमच्यासाठीच आहे. तुम्ही फक्त यायचं."

"मग आमची पोरगी चिमटा धरून तुमच्या बाजूला उभी राहील तवा या. तोवर सातपाटीतला एक दात मिळणार नाय."

एकाही बाईनं हात वर केला नाय. पुरुषांनी केले, पण बायांकडं बघून खाली घेतले. ठराव झाला नाय, कॉलेजपण आलं नाय.

आता कुणाची दाढ दुखली की माझ्या नावानं बोटं मोडतात. आलेलं कॉलेज हिनं घालवलं म्हणतात. मोडा बोटं. मी शब्द मागं घेणार नाय.

घरचे धाकट्या बहिणीला शाळेतून काढायला निघाले होते, मी दारात आडवी झाले. ती शिकेल. दातांचीच डॉक्टर होईल. तो डॉक्टर तोवर जगावा, एवढंच मी देवाकडं मागते. त्याला ते बघायला लावायचं हाय.