कर्नलसाहेबांच्या गाडीतला आवाज

कर्नलसाहेबांचा हॉर्न एकदा सुरू झाला की मी दुकानाबाहेर येऊन समोर उभी राहीपर्यंत थांबायचा नाही. माझ्या हातात तापलेलं सोल्डर असो, काउंटरला गिऱ्हाईक असो, नाहीतर तोंडात घास असो. शेजारचा टायरवाला वैतागून ओरडायचा, "ताई, आले बघा तुमचे लष्करप्रमुख. बंद करा त्यांचं ते!" बरं, हॉर्न तरी कसला? एवढ्याशा गाडीचा एवढासा, पिपाणीसारखा. त्या पिपाणीमागे सहा फुटांचा, पांढऱ्या मिशांचा माणूस गुडघे स्टिअरिंगला टेकवून बसलेला, आणि चेहरा असा, जसं काही मागे अख्खी पलटण उभी आहे.

गाडीविषयी तर बोलायलाच नको. बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, दोनच सीटची, कापडी टपाची ती परदेशी डबी त्यांनी रिटायर झाल्यावर मुंबईतल्या कोणाकडून तरी घेतली होती. पावसाळा सोडला तर टप कायम उघडा. आता नाशिकरोडहून देवळाली कॅम्पला टप उघडून जायचं म्हणजे एसटीचा धूर पोटभर प्यायचा आणि डोक्यावर ऊन घ्यायचं, दुसरं काय? अशी गाडी आमच्याकडे फक्त नवरदेव मिरवायला कामाची. सिग्नलला लोक खरंच विचारायचे, "साहेब, वरातीला देता का?" एकाला त्यांनी सांगितलं होतं, "तुमचा नवरदेव रणगाड्यावर बसवा. पळून जायचा नाही." हे त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मी हसावं म्हणून थांबले.

पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "तुमचे मिस्त्री कुठे आहेत?" मी म्हटलं, "मीच मिस्त्री." त्यांनी माझ्या खांद्यावरून दुकानात नजर टाकली, आत कोणी पुरुष दडून बसलाय का ते बघायला. माझे वडील लग्नकार्याला कर्णे भाड्याने द्यायचे. मी सहावीत असताना पोरींच्या हातात बाहुल्या आणि माझ्या हातात टेस्टर. गेली वीस वर्षं मी गाड्यांना साउंड बसवते. पण हे सगळं कोण सांगत बसणार? मी म्हटलं, "विश्वास नसेल तर पुढच्या चौकात दुसरं दुकान आहे." त्यावर ते पहिल्यांदा गाडीतून उतरले. उतरले कसले, घडी उलगडावी तसे बाहेर आले. त्या दिवसापासून मी मिस्त्रीबाई.

उघड्या गाडीत आवाज भरायचा म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरायचं. वारा सगळं घेऊन जातो. बाकीची गिऱ्हाइकं म्हणतात, ताई, बेस असा पाहिजे की काच फुटली पाहिजे. असल्यांना मी काचेचं दुकान दाखवते. कर्नलसाहेब म्हणाले, "मला धडधड नको. आयुष्यभर ऐकली. मला शब्द पाहिजेत. शब्द." म्हटलं चला, एक तरी शहाणा भेटला. मी दोन्ही दरवाजे उघडले, आतल्या पत्र्याला जाड शीट लावून त्याची खडखड बंद केली, नवे स्पीकर घातले, सीटखाली छोटा अँप्लिफायर बसवला आणि काचेच्या दोन्ही कोपऱ्यांत बारीक आवाजाचे स्पीकर. आम्ही त्यांना ट्विटर म्हणतो. झांज, बांगड्या, पाखरं, आणि बोलण्यातले स, श, त असले सगळे नाजूक आवाज तिथून येतात. काम झक्क झालं होतं. स्वतःच्या तोंडाने सांगते.

ऐकायला त्यांनी गाणं लावलंच नाही. मोबाइल जोडला आणि एका लहान मुलीचा आवाज सुरू झाला. ही सई, त्यांची नात, वय वर्षं सहा, मुक्काम कॅनडा. रोज सकाळी ती आजोबांना निरोप बोलून पाठवायची. मोबाइलवर आवाज चिरका येतो, बंगल्यात घुमतो, म्हणून साहेब तो गाडीत बसून ऐकायचे, आणि ही सगळी साउंडची खटपट तेवढ्यासाठी होती. त्या दिवशी सई सांगत होती की ती सायकलवरून पडली, गुडघा फुटला, खूप रडली. शेवटी विचारलं, "आबा, तुम्ही लहानपणी पडला होता का?" साहेबांनी बटण दाबून उत्तर दिलं, "शाब्बास! व्हेरी गुड! कॅरी ऑन!"

मी बघतच राहिले. पोरीचा गुडघा फुटलाय आणि हा बाबा शाब्बास म्हणतोय? मग माझ्याकडे वळून म्हणतात कसे, "मिस्त्रीबाई, तुमचे ट्विटर मेलेले आहेत." मला दोन्हींचा राग आला, पण ट्विटरचा जास्त आला.

ते ट्विटर मी बदलले. आठ दिवसांत परत पिपाणी. "मेलेत." पुन्हा बदलले, वायर नवी टाकली. परत पिपाणी. तिसरी जोडी लावली ती इतकी धारदार की माझे दात शिवशिवले, तरी साहेब आपले, "शब्दांचा चोथा होतोय." मी एकदा चाचरत म्हटलं, साहेब, कान तपासून घेता का? झालं! पलीकडे तोफखान्याच्या मैदानावर सराव चालू होता, तेवढ्यात लांबून धुम्म असा आवाज आला. त्यांनी बोट वर केलं. "ही हलकी." पुन्हा धुम्म. "ही मोठी. सहा-सात मैलांवरून तोफ ओळखतो मी. माझ्या कानाला नावं ठेवू नका." धुम्म तर टायरवाल्यालाही ऐकू येत होतं, तो कुठे मिशीला पीळ देत होता?

तेही चालवून घेतलं असतं, पण साहेब कॅम्पात सांगत सुटले की नाशिकरोडची ती बाई बनावट माल लावते. देवळालीतल्या लष्करी कुटुंबांवर माझं निम्मं दुकान चालतं. दोघांनी ठरलेलं काम रद्द केलं. तिसऱ्या एका सुभेदारीणबाईंनी मला तोंडावर विचारलं, "ताई, ओरिजनलच लावता ना?" वडिलांच्या नावाची पाटी आहे माझ्या दुकानावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या वेळी साहेब आले तेव्हा मी तयारीत होते. त्याच सुभेदारीणबाई बाकावर बसल्या होत्या, टायरवाला होता, त्याची दोन गिऱ्हाइकं होती. म्हटलं, या, सगळ्यांसमोरच होऊन जाऊ दे. साहेबांना गाडीत बसवलं, लॅपटॉप जोडला आणि खालून वर चढत जाणारा एक आवाज लावला, अगदी खर्जापासून बारीक शिट्टीपर्यंत. "ऐकू येतोय तोवर हात वर ठेवा." साहेबांनी हात वर केला, शपथ घेतात तसा. आवाज चढत गेला. निम्म्याही वाटेवर नव्हता आणि हात खाली आला. "संपला," ते म्हणाले. संपला कुठे? आम्ही सगळे तोंडं वेडीवाकडी करून बसलो होतो. दुकानाच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं उठलं आणि कान पाडून निघून गेलं.

मी म्हटलं, "साहेब, त्या कुत्र्याला ऐकू आलं, तुम्हाला नाही आलं. माझे ट्विटर ठणठणीत आहेत. मेलेत ते तुमचे कान."

टायरवाल्याचं एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. साहेबांनी हात मांडीवर ठेवला. "अंडरस्टुड," म्हणाले, आणि गाडी मागे घेऊन निघून गेले. खोटं कशाला बोलू, मी खूश होते. सुभेदारीणबाईंनी त्याच दिवशी काम दिलं, आणि मी टायरवाल्याला मिसळ खाऊ घातली. गुडघा फुटलेल्या पोरीला शाब्बास का म्हटलं गेलं, हे खरं तर मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. कळलं ते रात्री अंथरुणावर पडल्यावर. पोरीचा एक शब्दही त्यांना कळला नव्हता.

दोन-अडीच महिने साहेब फिरकले नाहीत. मग एका दुपारी शटर वर करून बघते तर समोर हिरवी गाडी उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे, हॉर्न वाजला नव्हता. साहेब दुकानाच्या आत आले, पहिल्यांदाच, आणि काउंटरवर एक कागद नकाशासारखा पसरला. लष्करी इस्पितळातून काढून आणलेला कानांचा आलेख होता. डावीकडे रेघ बरी चालली होती, मध्यावरून जी घसरली ती थेट तळाला.

"हा मुलूख माझ्या ताब्यात आहे," त्यांनी बोट ठेवलं. "इथून पुढे माझी फौज नाही. सई बोलते ती सगळी इथून पुढे."

मी म्हटलं, "कानाचं मशीन नाही का मिळालं?"

"मिळालं. ड्रॉवरमध्ये आहे. वाऱ्यात शिट्ट्या मारतं. शिवाय..." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. काय बोलणार? मिशा एवढ्या, आणि क्लबात कानाला मशीन लावून जायचं म्हणजे यांची तोफच बंद पडली असती. मग खालच्या आवाजात म्हणाले, "सई आता रोज पाठवत नाही. आठवड्यातून एकदा, तेही तिची आई बळंच बोलायला लावते म्हणून. म्हणते, आबा ऐकतच नाहीत, सगळ्याला शाब्बास म्हणतात. मिस्त्रीबाई, सहा वर्षांची पोर आहे. महिनाभरात विसरेल मला."

त्या दिवशी माझं चुकलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "रिपोर्ट बरोबर होता. भाषा वाईट होती. कामाला लागा."

मी कामाला लागले. तो आलेख लॅपटॉपशेजारी ठेवला आणि जिथे जिथे त्यांची रेघ खाली गेली होती, तिथे तिथे गाडीतला आवाज वर चढवला. आमच्या धंद्यात जे जे करू नये म्हणतात ते सगळं केलं. टप बंद करून एकदा जुळवलं, उघडून एकदा जुळवलं. असलं भिकार काम माझ्या हातून जन्मात झालं नव्हतं. काचेवर खिळा ओढावा तसा आवाज. टायरवाला धावत आला, "ताई, काय कापताय?" मी कानात कापसाचे बोळे घातले आणि आणखी चढवला. मग साहेबांनी सईचा निरोप लावला, तीन आठवड्यांपूर्वीचा.

ते पुढे वाकून ऐकत होते. एकदम ताठ झाले. "दात पडला तिचा!" माझ्याकडे वळले. "मिस्त्रीबाई, पोरीचा पहिला दात पडला, आणि मी म्हणालो कॅरी ऑन."

नंतर ते मागे मागे गेले. अगदी सायकलीपर्यंत. एकेक निरोप लावायचा, ऐकायचा, आणि एकेकाला उत्तर द्यायचं. हो, मीपण पडलो होतो, गोदावरीच्या घाटावर, हे बघ इथे खूण आहे. हो, मला पण भेंडी आवडत नाही. नाही, बर्फात तोफ गोठत नाही. दुकानासमोर भर रस्त्यात गाडी लावून तो माणूस दुपारभर महिन्यांपूर्वीच्या प्रश्नांची उत्तरं देत बसला होता. मला रडू येत होतं आणि त्या आवाजाने डोकंही उठलं होतं.

सगळ्यात शेवटी त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं, "सई, उत्तरांना उशीर झाला. इथली मिस्त्रीबाई अगदी कच्ची आहे. तिने आबांना खराब स्पीकर लावून दिले होते. आता मी ते नीट करून घेतलेत."

अरे देवा! माझ्याच दारात, माझ्याच समोर! बोळ्यांतूनसुद्धा मला ऐकू आलं. मी तावातावाने पुढे झाले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. एरवी त्या डोळ्यांत नुसता हुकूम असायचा, तेव्हा नव्हता. मी परत फिरले आणि दरवाज्याचे स्क्रू आवळत बसले.

त्यानंतर दोन वर्षं पिपाणी नेमाने वाजत राहिली. काम काही नसायचं. सईने मांजर पाळलं, सई पोहायला लागली, हे सांगायला यायचे आणि जाताना एखादा स्क्रू ढिला आहे म्हणून मला झापायचे. कॅम्पात म्हणायचे, "बाई उद्धट आहे, पण काम येतं तिला." यापेक्षा जास्त कौतुक त्यांच्याकडून कोणाचंच झालं नसावं. गेल्या थंडीत झोपेतच गेले. मला चार दिवसांनी कळलं, तेही सुभेदारीणबाईंकडून.

उन्हाळ्यात त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला. गाडी विकायची होती, संध्याकाळी बघायला माणूस येणार होता. शेजारच्या सीटवर नऊ वर्षांची मुलगी, मांडीवर पाण्याची बाटली. मुलाने गाणं लावलं आणि लगेच बंद केलं. "हे ऐका! कान फाटतात अक्षरशः. कोणत्या गाढवाने केलंय हे?"

"मी," मी म्हटलं.

तो ओशाळला, पण पटकन सावरला. "प्लीज, नॉर्मल करून द्या." त्याला आलेखाचा पत्ताच नव्हता. बापाने त्यालाही सांगितलं नव्हतं. मी लॅपटॉप जोडला. दहा मिनिटांचं काम. आवाज गोड झाला, कोणालाही आवडेल असा. मुलगा म्हणाला, "वा! हे खरं काम." साहेबांच्या कानांचं माप त्या गाडीतून मी माझ्याच हाताने पुसलं होतं.

मुलगी मघापासून माझ्याकडे रोखून बघत होती. "पप्पा, या त्याच आहेत," ती म्हणाली. "आबांनी सांगितलं होतं. यांनी त्यांना खराब स्पीकर दिले, म्हणून त्यांना माझं काहीच कळायचं नाही." मग थेट मला, "मी तेव्हा आबांशी कट्टी घेतली होती. तुमच्यामुळे."

टायरवाल्याला राहवेना. "अगं पोरी, काहीतरीच काय? तुझ्या आजोबांना तर..."

"तुम्ही तुमचे टायर बघा," मी म्हटलं. मी सईकडे वळले. "हो, मीच ती. माझंच चुकलं होतं."

तिने विचारलं, "आबांना सॉरी म्हणालात का?"

"नाही," मी म्हटलं. "राहूनच गेलं."

"मग मला म्हणा."

मी हातातला लॅपटॉप खाली ठेवला आणि तिच्या बापासमोर, टायरवाल्यासमोर, भर रस्त्यात तिला सॉरी म्हटलं. तिला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.