मागे जाऊबाई उभ्या होत्या

मागच्या पालक मीटिंगवर मी पोस्ट लिहिली होती, त्यात एक चूक झाली. ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की एका मुलीची आई आलीच नाही आणि मी शेवटपर्यंत वाट बघत बसले. त्या आल्या होत्या... वर्गाच्या दारापर्यंत येऊन परत गेल्या.

त्या पोस्टखाली बऱ्याच कमेंट आल्या, की अशा पालकांना मुलांचं काही पडलेलंच नसतं. पोस्ट डिलीट करणार होते, पण मग वाचणाऱ्यांना खरं कळणार कसं? म्हणून हे त्या आईंना विचारूनच लिहितेय. मुलीला आपण आरू म्हणू, खरं नाव वेगळं आहे.

परवा गुलमंडीच्या बाजारात साडीला फॉल घ्यायला गेले, तर त्याच दुकानात आरूची आई. मला बघून त्यांनी आधी पदर सारखा केला. मीच विचारलं, त्या दिवशी जमलं नाही का यायला?

"आल्ते की मॅडम. चपला बी काढल्या दाराशी."

मग?

"माझ्या मागं मोठ्या जाऊबाई उभ्या. तुम्ही म्हणणार, आरू वाचनात मागं हाय. अन् लगेच त्यांना म्हणणार, तुमचा पोरगा लई हुशार. मग रात्री ताटावर तोच विषय... घास उतरत नाय मॅडम."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मला हसू आलं, आणि लगेच थांबलं. जाऊबाईंचा मुलगाही माझ्याच वर्गात, तिसरीत आहे. आडनाव एक, त्यामुळे हजेरीत दोघांचे नंबर लागोपाठ. आणि मी पालकांना हजेरीच्या क्रमानेच बोलावते, कुणाला डावललं असं वाटू नये म्हणून. दार उघडं असतं, पुढचे पालक दारातच उभे असतात. आतलं सगळं बाहेर ऐकू जातं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

खरं तर मला हे कळायला हवं होतं. मी शाळेत जायच्या आधी घरीच शिकले. संध्याकाळी काका आम्हा सगळ्या चुलत भावंडांना ओळीत बसवून पाढे म्हणून घ्यायचे. माझं अडलं की शेजारच्या दादाला म्हणायचे, "तू सांग रे हिला." काका प्रेमळच होते. पण त्या ओळीतलं मला आज आठवतं ते म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली माझी आई... आणि तिचं खाली बघणं.

आरूच्या आईला मीटिंगमध्ये एकच गोष्ट विचारायची होती. "तिचे पप्पा म्हणतात, इथं जमत नसंल तर पुढच्या वर्षी गावी आजीकडं ठिवू, तिथल्या शाळेत घालू. खरं सांगा मॅडम, तिला डोकंच नाय का?"

मी खरं तेच सांगितलं. आरू वाचताना अडखळते. जोडाक्षर आलं की थांबते, त्यावर रोज थोडं बसावं लागेल. पण मी गोष्ट वाचून दाखवली की सगळ्यात वेगळा प्रश्न तिचाच असतो. एका गोष्टीत राजा जंगलात वाट चुकतो. सगळी मुलं वाघाचं विचारत होती. आरूने विचारलं, "मग त्या दिवशी राज्यातली भांडणं कोणी सोडवली?" गोष्ट मी कितीदा सांगितली असेल, मला हे कधी सुचलं नव्हतं.

त्यांनी हातातलं कापड बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "हे तिच्या पप्पांना सांगाल का? मी सांगितलं तर म्हणतील, पोरीची बाजू घेती."

दुकानदार मध्येच, "मॅडम, फॉल कौनसा काटूं? घंटे से पूछ रहा हूं." मी बोट दाखवलं... घरी येऊन बघते तर रंग भलताच.

मीटिंगची मी भरपूर तयारी केली होती. प्रत्येक मुलाचं आधी चांगलं काय सांगायचं, मग कुठे कमी पडतंय, घरी काय करून घ्यायचं. कुणासमोर सांगायचं, एवढंच ठरवलं नव्हतं.

मुख्याध्यापिका बाईंशी बोलले. यापुढे प्रत्येक घराला वेगळी वेळ देईन. आणि आधी मी बोलणार नाही, आधी पालकांना विचारीन, घरी मूल कसं असतं.

आरूचे पप्पा ऐकतील का, माहीत नाही. त्यांनी आरूला आत बोलावून तिथल्या तिथे वाचायला लावलं तर? कालपासून मी पहिलं वाक्य मनात घोळवतेय, अजून नीट जमत नाही. पण आरूच्या आई गुलमंडीत मला टाळून जाऊ शकल्या असत्या, गेल्या नाहीत. त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहिलेत.

तेही तेव्हाच मानीन. शनिवारी, सकाळची शाळा सुटली की आरूचे आई-पप्पा येणार आहेत. दोघंच. दार लावून बसू.

जाऊबाईंना सोमवारी बोलावलंय.