मंजूर न झालेली दोनशे बारा वाक्यं

ऑफिसात त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना ‘वेलांटीबाई’ म्हणायचे. कॅन्टीनच्या पाटीवरचं शुद्धलेखनसुद्धा त्या पेन काढून दुरुस्त करायच्या.

आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांत चालायचं. पडद्यावरचं प्रत्येक इंग्रजी वाक्य आपल्या भाषेत आणणं हे बाईंचं काम. ‘अवैध नोंद’ असलं काही त्या लिहायच्या नाहीत. ‘नंबर चुकलाय, पुन्हा बघून लिहा,’ असं लिहायच्या.

“बाई, एवढं लांब वाक्य चौकटीत मावत नाही,” मी म्हणायचो.

“मग चौकट मोठी कर. दवाखान्यात आलेला माणूस आधीच घाबरलेला असतो रे.”

मी कुरकुरत चौकट मोठी करायचो.

पुढे त्यांच्याच दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. सहा महिने त्यांनी अंथरुणावरून काम केलं. मग गेल्या.

महिनाभराने कंपनीने बाई जिच्यावर भाषांतर करायच्या ती वेबसाइट बंद करायचं ठरवलं. त्यातली सगळी वाक्यं फायलींमध्ये उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. काम म्हणजे काय, कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत एका ओळीची कमांड, म्हणजे हुकूम, टाइप करायची. फायली क्षणात उतरल्या. उघडून बघतो तर शेवटची दोनशे बारा वाक्यं इंग्रजीतच!

वाक्यं गेली नव्हती. ती कमांड फक्त ‘मंजूर’ अशी खूण असलेलीच वाक्यं बाहेर काढायची. बाईंनी लिहिलेलं दुसऱ्या कुणीतरी वाचून मंजूर करायचं, असा नियम होता. त्या आजारी पडल्या त्याच सुमारास वाचणारा नोकरी सोडून गेला, आणि त्याच्या जागी कुणाला नेमायचं आमच्या ध्यानातच आलं नाही. सहा महिने त्यांचं लिहिलेलं कुणी वाचलंच नव्हतं.

कमांडमध्ये एक शब्द वाढवला असता तर न वाचलेलीही उतरली असती. पण बाईंचं लिहिलेलं कुणी न वाचताच पुढे पाठवणं मला पटेना. वाचायला याल का, असं विचारायला मी त्यांच्या यजमानांना फोन केला. ते निवृत्त बसचालक. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले.

ते मोठ्याने वाचत, मी ‘मंजूर’ची खूण करी. दुपारपर्यंत काम सुरळीत चाललं. मग एका वाक्यापाशी ते थांबले. ‘घाबरू नका, डॉक्टर तुम्हाला निट समजावून सांगतील.’ ‘नीट’ची वेलांटी चुकली होती.

“ही तिची चूक नाही,” ते म्हणाले. “शेवटी तिची बोटं चालेनात. ती सांगायची, मी टाइप करायचो. तिला तोवर पडद्यावरचंही दिसत नव्हतं. माझ्यावर भरवसा ठेवून होती.”

त्यांनी तोंड फिरवलं. मी वेलांटी दुरुस्त केली. मग तेच म्हणाले, “चला, पुढचं घ्या.”

संध्याकाळी पुन्हा कमांड दिली. सगळी वाक्यं उतरली. आठवडाभरात ती दवाखान्यांत पोचणार होती.

“आता तिच्या जागी कोण?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही, काका. यापुढे मशीनच करणार.”

त्यांनी खुर्ची उचलून होती तिथे ठेवली. मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो.