न हरणाऱ्या मैदानाचा वायरमन

देशाचा सतरा वर्षांखालचा फुटबॉल संघ परदेशात गेला की मार खाऊन यायचा. पाच-पाच, सहा-सहा गोल पोटात घालून पोरं मान खाली घालून विमानातून उतरायची. घरच्या मैदानावर मात्र हा संघ वर्षानुवर्षं हरलेला नव्हता. पेपरवाले त्याला विक्रम म्हणायचे, पुढारी मातीचा गुण म्हणायचे. खरं कारण गॅलरीच्या जिन्याखाली, मेन स्विचसमोर, लाकडी स्टुलावर बसलेलं असायचं. त्याला सगळे फ्यूज म्हणत.

फ्यूज स्टेडियमचा वायरमन. मध्यंतराची शिट्टी झाली की पाहुणा संघ गॅलरीखालच्या लांबलचक बोळातून ड्रेसिंग रूमकडे निघायचा. आपली पोरं मुद्दाम मैदानात रेंगाळायची. कोच त्यांना घोळक्यात उभं करून उगाच हातवारे करायचा. पाहुणे बोळाच्या मधोमध आले की फ्यूज खटका खाली ओढायचा. ट्यूब जायच्या. सामानाच्या खोलीचं दार उघडायचं आणि पहिलवान आपली आडदांड माणसं घेऊन बाहेर पडायचा. प्रत्येकाच्या हातात ओला टॉवेल, टॉवेलच्या टोकाला बांधलेलं कुलूप. कातडी फाटत नाही, आतलं मात्र काही शिल्लक राहत नाही. दिवे परत आले की माणसं गायब. दुसऱ्या हाफात पाहुण्यांचे पाय जड. कुणी तक्रार केलीच, तर फुटबॉल संघटनेचा सेक्रेटरी हात जोडून म्हणायचा, "लाइट गेली हो. पोरं घाबरून एकमेकांवर आपटली असतील."

अंधारात आपलं कोण, परकं कोण? त्याचाही पहिलवानाने नियम घालून दिलेला. आपली जर्सी गडद निळी, म्हणून पाहुण्यांना पांढरी घालावी लागे. झरोक्यातून जो काय उजेड येई त्यात पांढरं तेवढं दिसे. पांढरं दिसलं की हाण.

"लोक घरात दिवे लावतात," बायको फ्यूजला म्हणायची, "आमच्या ह्यांनी विझवून दिवे लावलेत."

"नोकरी आहे ती."

"कुणाच्या तरी पोराला हाणायची नोकरी."

"मी हाणत नाही. मी खटका ओढतो."

ह्या वाक्यावर फ्यूज जगत होता. असल्या वाक्यांवर निम्मं जग जगतं, पण ते असो. त्याला एकच गोष्ट कळत होती: धाकटा. आईबाप गेले तेव्हा धाकटा भाऊ नीट चालायलाही शिकला नव्हता. फ्यूजने त्याला वाढवला, स्टेडियमच्या मागच्या चाळीत, फुटक्या चेंडूंच्या ढिगात. पोरगा डाव्या पायाचा, वाऱ्यासारखा. संघात त्याने जागा मिळवली ती स्वतःच्या पायांवर. पण ती टिकवायची तर दादाने जिन्याखाली गप्प बसायचं, हे सेक्रेटरीने स्वच्छ सांगून ठेवलं होतं.

त्या दिवशी बरोबरी पुरत होती. एक ड्रॉ, की संघ पहिल्यांदाच मुख्य स्पर्धेत. सकाळपासून स्टेडियम भरलेलं, बाहेरचे रस्ते तुंबलेले, फाटकं बंद. पहिलवान आणि त्याची माणसं लोक यायच्या आतच सामानाच्या खोलीत कोंडून बसली होती. फ्यूज आपल्या स्टुलावर. मैदान त्यांना दिसायचं नाही. ऐकू यायचा तो डोक्यावरच्या पायऱ्यांचा दणदणाट.

आणि ह्या सगळ्या शहाण्यांना एक गोष्ट कुणीच सांगितली नाही. पाहुण्यांची सामानाची पेटी विमानतळावर हरवली होती. त्यांच्याकडे उरला काळ्या जर्सींचा एकच संच. काळा आणि गडद निळा सारखाच दिसतो, म्हणून रेफरीने ऐन वेळी यजमानांना कपडे बदलायला लावले. आपली पोरं पांढऱ्यात खेळत होती. सेक्रेटरी मंत्र्याच्या शेजारी बसून फोटो काढून घेत होता. त्याच्या डोक्यात हे आलंच नाही, कोचच्याही नाही.

मध्यंतराच्या तोंडावर कुणाचं तरी कोपर धाकट्याच्या नाकावर बसलं. रक्ताची धार लागली. शिट्टी झाली तसा तो घोळक्यात न थांबता नाक दाबून एकटाच बोळात घुसला. पाहुणे त्याच्या मागून येत होते.

फ्यूजने बुटांचे खिळे वाजताना ऐकले. खटका ओढला.

पहिलाच फटका तोंडावर बसला, म्हणून धाकट्याला बोलता आलं नाही. खाली पडल्यावर त्यांनी लाथा घातल्या. अंधारात एकच पांढरं दिसत होतं, त्यामुळे सगळे त्या एकावरच तुटून पडले. मागची काळ्या जर्सीतली पोरं भिंतीला चिकटून किंचाळत होती. फ्यूज जिन्याखाली तो धपधप आवाज ऐकत होता. नेहमीसारखाच आवाज. आज जरा जास्त चाललंय, एवढंच त्याच्या मनात आलं.

त्याने दिवे लावले आणि बाहेर डोकावला. बोळात फरशीवर पांढरी जर्सी पडली होती, अर्धी लाल. पहिलवान तिच्याकडे वाकून बघत होता.

"आयला," पहिलवान म्हणाला. "हा तर आपला."

फ्यूजने त्याला ढकललं, भावाचं डोकं मांडीवर घेतलं. पुढचे दात नव्हते. डोळे उघडे होते आणि ते दादाला ओळखत होते, हे सगळ्यात वाईट.

संघाचा डॉक्टर धावत आला, त्याने धाकट्याचं पोट दाबून पाहिलं. "फळीसारखं झालंय. आत फुटलंय काहीतरी. आत्ताच्या आत्ता कापायला हवं."

"ॲम्ब्युलन्स उभी आहे ना दारात," फ्यूज म्हणाला. "काढा."

सेक्रेटरी धापा टाकत आला होता. त्याने फ्यूजचा खांदा धरला. "मॅच चालू असताना ॲम्ब्युलन्स मैदान सोडू शकत नाही. नियम आहे. रेफरी खेळ थांबवेल, चौकशी करेल. दुसरा हाफ होऊ दे रे."

"मरेल तो."

"डॉक्टर आहेत ना. बदली खेळाडू उतरवलाय, नाक फुटलं म्हणून सांगितलंय. ड्रॉ झाला की तुझ्या भावाचाच सत्कार करू."

"डॉक्टर, टिकेल तोवर?"

डॉक्टरने सेक्रेटरीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नाही."

फ्यूजला बाकी काही ऐकू आलं नाही. तो बोळातून मैदानाकडे पळत सुटला. पहिलवानाच्या माणसाने दारात शर्ट धरला, तो फाटला. दुसरा हाफ सुरू झाला होता. उघड्या अंगाचा, भावाच्या रक्ताने माखलेला वायरमन थेट मधल्या वर्तुळात जाऊन उभा राहिला. चेंडू त्याच्या पायाला लागून थांबला. गॅलरी आधी हसली.

रेफरी शेजारच्या देशाचा, त्याला आपली भाषा तोडकीमोडकी समजायची. "काय आहे?"

"माझ्या भावाला मारलंय. ॲम्ब्युलन्स सोडा."

"कोणी मारलं?"

तोवर कोच येऊन पोचला होता. "ह्यांनी," त्याने काळ्या जर्सीकडे बोट केलं. "बोळात गाठून मारलं. सांग ना रे." मग फ्यूजच्या कानात, "सांग की. मॅच आपली, भाऊही वाचेल. दोन्ही होतंय."

दोन्ही होत होतं खरंच. फ्यूजने काळ्या जर्सीतल्या पोरांकडे पाहिलं. ओठांवर नीट मिशाही न फुटलेली पोरं, एकमेकांना खेटून उभी. त्याने नुसती मान हलवली असती, तरी ह्या गॅलरीने त्यांचे तुकडे करून बाहेर फेकले असते.

"आमच्या माणसांनी मारलं," तो म्हणाला. "ह्यांना मारायचं होतं, चुकून त्याला मारलं. दिवे मी घालवले. दर वेळी मीच घालवतो. आता गाडी सोडा."

रेफरीने शिट्टी वाजवली आणि पाहुण्यांना मैदानाबाहेर पळायला सांगितलं. काय झालं ते गॅलरीला कळेपर्यंत ॲम्ब्युलन्स फाटकातून निघाली होती. मग बाटल्या आल्या, खुर्च्यांचे पाय आले, दगड आले. एका दगडाने फ्यूजची भुवई फोडली. पोलिसांनी त्याला बोळात ढकललं आणि ते निघून गेले. बोळात पहिलवान होता.

"कुठल्या हाताने घालवायचास?" पहिलवानाने विचारलं.

उत्तर पहिलवानाला माहीत होतं. त्याने सामानाच्या खोलीच्या लोखंडी दारात फ्यूजचा उजवा हात धरला आणि दार लावलं. मग परत उघडून लावलं. फ्यूज ओरडत होता आणि ओरडता ओरडता सायरन ऐकत होता. सायरन लांब जात होता. तो लांब गेला पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं.

धाकट्याची पोटातली फुटलेली प्लीहा काढली. जगला. सामना पाहुण्यांना दिला गेला आणि घरच्या मैदानावर न हरण्याचा विक्रम कागदावर संपला. सेक्रेटरी सेक्रेटरीच राहिला. नोकरी गेली ती फ्यूजची.

शुद्धीवर आल्यावर धाकटा तुटक्या दातांतून पहिलं वाक्य बोलला ते हे: "ड्रॉ झाला असता, दादा. आपण वर गेलो असतो."

"तू गेला असतास वर. एकटा."

धाकट्याने भिंतीकडे तोंड केलं. पुढे कित्येक महिने तो दादाशी बोलला नाही. फ्यूजने जळक्या मोटरींत नवी तार भरून द्यायचं छोटं दुकान टाकलं, पण उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. म्हणून कॉइल गुंडाळायला धाकटा बसायचा. मुकाट यायचा, मुकाट तांब्याची तार ओढायचा. बायको दोघांच्या मधे निरोप्यासारखी: "ते म्हणतात, तार संपली." "तो म्हणतो, दिसतंय मला."

एका दुपारी पहिलवान दुकानात आला. घरच्या मैदानावरच्या पुढच्या दोन्ही मॅच संघ हरला होता आणि त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. "गद्दार," तो म्हणाला आणि त्याने फ्यूजच्या थोबाडीत दिली. फ्यूज स्टुलावरून खाली पडला. पहिलवानाने लाथ मारायला पाय उचलला.

धाकटा उठला. पोटावरचा टाक्यांचा व्रण अजून ओढत होता, त्यामुळे तो सरळ उभा राहू शकत नव्हता. त्याने वाकलेल्या अवस्थेतच मोटरचं बिडाचं जड झाकण दोन्ही हातांनी उचललं आणि पहिलवानाच्या गुडघ्यावर घातलं. वाटी फुटल्याचा आवाज आला. पहिलवान उंबऱ्यावर कोसळला आणि तिथूनच कोपरांवर सरपटत रस्त्यावर गेला. बायकोने दार लावून घेतलं.

धाकटा पोट धरून धापा टाकत होता. फ्यूजने डाव्या हाताने त्याला पाणी दिलं. त्याने ते घेतलं.

"माझा राग गेलेला नाही," धाकटा म्हणाला.

"नको जाऊ दे."

"सांगून ठेवतोय."

"ऐकलं." फ्यूज भिंतीला टेकून बसला. ओठातून रक्त येत होतं. "पण मला सांगतोयस ना? तिच्याकरवी नाही."

धाकट्याने खाली पडलेली तार उचलली, गुंता झालेला पाहून शिवी हासडली आणि एक टोक दादाच्या डाव्या हातात दिलं, धरायला.