पहिलं फळ बियाला

बोर्डीच्या काकांशी माझी ओळख भांडणातून झाली. साल २०१४. मी एका लग्नाला बोर्डीला निघाले होते, एसटीला ही गर्दी, आणि या गृहस्थांनी खिडकीशी स्वतः बसून शेजारच्या सीटवर मोगऱ्याचं रोप ठेवलेलं. मी म्हटलं, "काका, झाड मांडीवर घ्या, मला बसू द्या." तर म्हणतात कसे, "त्याचं तिकीट काढलंय." आणि खरंच काढलं होतं! कंडक्टरला पटवून हाफ तिकीट. मी अशी काही भडकले की अख्खी बस माना वळवून बघायला लागली. शेवटी मी सीटवर आणि रोप माझ्या मांडीवर, अशी तडजोड झाली. नरपड येईपर्यंत मी त्यांना मोगऱ्याची छाटणी कधी करायची ते विचारत होते आणि घोलवडला त्यांनी मला घरी चहाला बोलावलंसुद्धा. लग्नाला उशीर झाला तो झालाच.

तेव्हापासून आमची देवाणघेवाण सुरू झाली. मी राहते मसोलीत आणि शिकवते तलासरीच्या शाळेत. घरामागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी जागा, पण त्यात मी काय काय कोंबलंय ते विचारू नका. काकांची वाडी मोठी. चार चिकू, नारळ आणि मधल्या मोकळ्या जागेत लोकांकडून आणलेलं सगळं जग. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या जास्वंदीच्या काड्या, पुडीत बांधलेलं अंबाडीचं बी, आळूचे कंद, असं काहीतरी घेऊन कधी ते यायचे, कधी मी जायचे. त्यांच्याकडून रिकामी पिशवी घेऊन परतायचं नाही, हा त्यांचा कायदा. नुसता पुदिना का होईना, पण पिशवीत काहीतरी पडायचंच. फक्त त्या मोगऱ्याची काडी मागितली की मात्र हात आखडायचे. "ते तिकीट काढून आलंय. त्याची काडी फुकट मिळणार नाही."

त्यांचा दुसरा कायदा मला अजिबात पटायचा नाही. वेलाला आलेलं पहिलं फळ खायचं नाही. त्याला लाल चिंधी बांधायची, ते वेलावरच जून होऊ द्यायचं आणि बी वाटून टाकायचं. पहिलं फळ बियाला, मग माणसाला. आता मला सांगा, पावसाळाभर वेलाची सेवा करायची, आणि पहिला कोवळा दुधी समोर लोंबत असताना बाजारातून दुधी विकत आणून खायचा, ह्याला काय म्हणायचं? मी दर वर्षी चिडायचे. ते दर वर्षी हसायचे. गाढवापुढे वाचली गीता!

दुधी म्हणजे तर त्यांचं रोजचं औषध. साखरेचा त्रास सुरू झाल्यापासून ते दररोज सकाळी पेलाभर दुधीचा रस घ्यायचे. टीव्हीवर कुणीतरी सांगितलं आणि ह्यांनी मनावर घेतलं. रसाच्या आधी कडुनिंबाचा पाला, रसानंतर कारल्याचं पाणी. काकू म्हणायच्या, "ह्यांना गोड बोललेलं चालत नाही आणि गोड खाल्लेलंही." काकांचं म्हणणं एकच. जितकं कडू तितकं गुणकारी. तोंड वाकडं न करता पिऊन दाखवायचे, वर मिशा पुसायचे.

आता मूळ गोष्टीकडे येते.

माझ्या शाळेतली एक शिक्षिका डोंगराकडच्या गावातली. तिचे मामा तारपा बनवतात. फुंकून वाजवायचं ते लांब वाद्य, त्याचा फुगीर भाग वाळलेल्या भोपळ्याचा असतो. २०१६च्या उन्हाळ्यात मी तिला जास्वंदीची काडी दिली आणि तिने मला त्या भोपळ्याचं बी दिलं. देताना म्हणाली, "बाई, शोभेला लावा हं, खायचा नाही. विखारी कडू असतो." मी लावला कुंपणावर. काय सुंदर आला! लांब मानेचा, हिरवागार. येणारे-जाणारे थांबून बघायचे. त्याच कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला माझा नेहमीचा दुधी होता. तोही त्या वर्षी छान धरला, आणि त्यातला एक जून करून मी बी ठेवलं. पुढच्या पावसाळ्यात थोडं स्वतः लावलं, बाकीचं काकांना दिलं, कारण त्यांच्याकडचं सगळं बी ओल लागून बुरशी धरून गेलं होतं.

दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात आणि अंधारात पाखरं ह्या फुलावरून त्या फुलावर फिरतात. ती काय विचारून फिरतात, की हा खायचा आणि हा वाजवायचा? पण हे डोक्यात यायला हवं ना. त्या शिक्षिकेच्या आलं नाही, कारण त्यांच्याकडे तारप्याचा भोपळा शेताच्या पार टोकाला लावतात. माझ्याही आलं नाही.

गणपती होऊन गेले होते. रविवारी काकांचा फोन आला. काकू मुलीच्या बाळंतपणासाठी वापीला गेलेल्या, घरी एकटेच. आवाजात नुसता उत्साह. "तुझ्या बियाचा पहिला दुधी आला गं. काय कोवळा आहे!"

माझं नेहमीचं सुरू झालं. "काका, ह्या वर्षी तरी चिंधी बांधू नका. माझ्या घरचं बी आहे, त्याचा पहिला रस तुम्हीच प्यायचा. नाहीतर मी पुन्हा बी देणार नाही, सांगून ठेवते."

"बरं बाई, उद्या सकाळीच काढतो रस. झालं समाधान?"

झालं! आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं म्हणून मी रविवारभर खुशीत होते.

सोमवारी सकाळी आमच्या ह्यांच्या डब्यासाठी मी माझ्या वेलाचा पहिलाच दुधी चिरायला घेतला. चिरायच्या आधी देठाकडची चकती जिभेला लावून बघायची, ही आईची सवय माझ्यात आहे. लावली. आई गं! कारलं परवडलं. थुंकले, चूळ भरली, गूळ खाल्ला, तरी घशापर्यंत कडू. आधी राग आला, की आता डब्याला काय देऊ. मग डोळ्यांसमोर ते कुंपण आलं. ह्या टोकाला दुधी, त्या टोकाला तारप्याचा भोपळा. त्याचा कडूपणा माझ्या बियात उतरला होता. आणि मग डोळ्यांसमोर काका आले.

कडू दुधीच्या रसाने माणसं हॉस्पिटलात पोचल्याचं, दगावल्याचंही मी पेपरात वाचलं होतं. दुसरा कुणीही एक घोट घेऊन थुंकला असता. पण हा माणूस थुंकणार नव्हता. हा मिशा पुसत अख्खा पेला संपवणार होता, आणि वर म्हणणार होता, वा, गुणकारी आहे!

फोन लावला. बंद. तो बंदच असायचा. "मी मोबाइल बोलायला घेतलाय, ऐकायला नाही," हे त्यांचं वाक्य मला तोपर्यंत विनोदी वाटायचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे नाही. मी ह्यांना म्हटलं, "स्कूटर काढा." चहाचा कप ह्यांच्या हातात तसाच. "अगं, झालं काय?" "काका विष पितायत!" ह्यांनी कप ठेवला आणि चावी घेतली. संसारात एवढं पटकन ह्यांनी माझं कधीच ऐकलेलं नाही.

समुद्राकाठचा तो रस्ता मला फार आवडतो, पण त्या दिवशी मी समुद्र बघितलाच नाही. चिखल्याला गाई आडव्या, घोलवडला चिकूचा टेम्पो आडवा. मी मागे बसून सगळ्या देवांना वेठीला धरलं होतं. काल तोंड बंद ठेवलं असतं तर? ते लाल चिंधी बांधायला निघाले होते, बिचारे, मीच त्यांना प्या म्हटलं. माझ्या बियाने, माझ्या हट्टाने. एवढंच डोक्यात घुमत होतं.

फाटक उघडं होतं. ओट्यावर झोपाळा रिकामा. आणि झोपाळ्याशेजारी स्टीलचा पेला, तळाला हिरवा फेस.

 ह्यांनी हाक मारली, "काका! ओ काका!" उत्तर नाही. घरात बघितलं, नाहीत. न्हाणीत नाहीत. मी रडायलाच लागले, आणि तशीच मागच्या वाडीकडे धावले.

काका दुधीच्या मांडवाखाली स्टुलावर उभे होते. तोंडात सुतळी धरलेली.

"काका, थुंका! थुंका आधी!" मी किंचाळले.

त्यांनी घाबरून सुतळी थुंकली. "थुंकलो. आता काय?"

"रस प्यायलात?"

"प्यायलो की."

"कुठला?"

त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाजारातला. रागावू नकोस. सुरी घेऊन आलो होतो गं, पण हात धजेना."

मग मी वर बघितलं. मांडवातून पहिला दुधी लोंबत होता आणि त्याच्या देठाला लाल चिंधी होती.

मी तिथे मातीतच बसले. हसत होते की रडत होते, मलाच कळेना. एवढं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. ह्यांनी काकांना सगळं समजावून सांगितलं. काकांचा विश्वास बसेना. चिंधीवाल्याच्या मागे दुसरा एक लहान दुधी होता, तो त्यांनी कापला आणि जिभेला लावला. कडू पिण्यात हयात घालवलेला तो माणूस, पण तोंड कसनुसं झालं. थुंकले, नळावर जाऊन चूळ भरून आले.

"मी प्यायलो असतो गं," म्हणाले. "तुझा आहे म्हणून अख्खा प्यायलो असतो."

 आमचे हे म्हणाले, "देव तारी त्याला कोण मारी."

वेल आम्ही तिघांनी मिळून काढला. चिंधीचा दुधी टाकवेना, तो मी तलासरीला नेऊन बी देणाऱ्या त्या शिक्षिकेला दिला. ती म्हणाली, हा कोवळा आहे, तारप्याच्या कामाचा नाही, आणि तिनेच तो उकिरड्यात पुरला. माझ्या कुंपणावरचा वेलही मी त्याच संध्याकाळी उपटला, उरलेलं बी चुलीत घातलं. त्या दिवशी बोर्डीहून निघताना काकांनी कायद्याप्रमाणे पिशवी दिली होती. घरी येऊन उघडली तर ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या काड्या होत्या.

त्यातली एक जगली. आज २०१९ संपत आलंय आणि ती कुंपणाएवढी झालीय. काकू परत आल्यावर काकांना व्हायची ती बोलणी झाली, आणि रस बंद करायचं फर्मान निघालं. पण ऐकतील ते काका कसले! शेवटी असं ठरलं, की दुधी कुणाच्याही घरचा असो, आधी चकती जिभेला लावायची, गोड लागली तरच रस, आणि पिऊन झालं की मला मिस्ड कॉल द्यायचा.

सकाळी मी डब्याच्या गडबडीत असते, तेव्हा ओट्यावर फोन एकदा वाजतो आणि बंद होतो. हे पेपरातून डोकं न काढता विचारतात, "कोण?"

"काका," मी म्हणते. "प्यायले."