कडुनिंबापासून ब्रेक

आपली गाडी फाटकापाशी थांबवायची असेल, तर चार घरं अलीकडच्या कडुनिंबापासून ब्रेक दाबायला सुरुवात करावी लागते. हा नियम तुमच्या आजोबांनी घालून दिला आणि मी तो बत्तीस वर्षं पाळला. कडुनिंब आला की तीन दणके. प्रत्येक दणक्याला सीटवरून अर्धं उठून सगळं वजन उजव्या पायावर. मग गाडी विचार करत करत आपल्या फाटकाशी येऊन उभी राहायची.

(सई, अन्वय, हे तुम्हाला बाबा वाचून दाखवेल. एखादा शब्द अडला तर मला फोन करा. बरेच शब्द अडतील याची मी काळजी घेतली आहे.)

डिसेंबरात तुम्ही याल तेव्हा चिकलठाण्याच्या विमानतळावरून तुम्हाला मीच आणणार, असं मी जाहीर केलं. त्यावर तुमचा बाबा म्हणाला, "आई, त्या फियाटला ब्रेक नाहीत, नुसत्या सवयी आहेत. मुलांना मी तिच्यात बसवणार नाही." आणि मग हळूच, "आता विकून टाक ना ती."

आजोबा गेल्यापासून माझ्या शेजारची सीट रिकामीच असते. तिथं मी भाजीची पिशवी ठेवते आणि तिला पट्टा लावते. (पिशवीनं अजून एकदाही 'हळू चालव' म्हटलेलं नाही.) गाडी विकली तर पिशवीला घेऊन रिक्षातून जाणार कुठं? मी रज्जाकभाईंना फोन केला.

रज्जाकभाई म्हणजे आजोबांच्या वेळेपासूनचे आपले मेकॅनिक. चाकापाशी उकिडवे बसून त्यांनी मान हलवली. जुने ड्रम ब्रेक कितीही घासले तरी एवढेच लागणार. दुसऱ्या गाडीचे डिस्क ब्रेक काढून पुढच्या चाकांना बसवायला हवेत. वाळूजच्या रस्त्यावर एका भंगारवाल्याकडे छोटी मोटार आली होती. मागून चेपलेली, पुढून ठणठणीत.

"म्हणजे अवयवदान झालं की," मी म्हटलं.

"हौ मॅडम. पण रक्तगट जुळवावा लागतो."

रक्तगट जुळायला नऊ दिवस लागले. दोन गाड्यांची भोकं एकमेकांशी जुळेनात, म्हणून वाळूजमधल्या लेथवरून लोखंडी पट्ट्या बनवून आल्या. निघालेला प्रत्येक नट मी लोणच्याच्या बरणीत घालून वर चिठ्ठी लावली. डावीकडचे, उजवीकडचे, आणि 'रज्जाकभाईंना आठवत नाही' अशा तीन बरण्या झाल्या. शेवटी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती. ते गाडीखाली, मी पेडलवर. ते म्हणायचे, "दाबा." मी दाबायची. "धरून ठेवा." मी धरायची. "सोडा." असं तासभर. आजोबा गेल्यानंतर माझ्याशी सलग तासभर कुणी बोललं नव्हतं. शब्द तीनच होते, पण माणूस समोर होता. (खाली होता, खरं तर.)

दहाव्या दिवशी काम संपलं. अकराव्या दिवशी मी त्यांना फोन करून सांगितलं की डाव्या चाकातून कुईकुई येते. ते आले, चाक काढलं, बसवलं, चहा प्यायले. बाराव्या दिवशी उजव्या चाकातून येऊ लागली. तेराव्या दिवशी कुठून येते हेच मला ठरवता आलं नाही. रज्जाकभाईंनी हात पुसले आणि अगदी हळू म्हणाले, "मॅडम, हा आवाज गाडीतला नाय."

त्यावर मी त्यांना पेढे आणायला पाठवलं. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परीक्षा: व्हिडिओ कॉलवर बाबाला नवे ब्रेक दाखवायचे. तुमच्याकडे सकाळ होती. तुम्ही दूध पीत होतात. फोन मी काचेपाशी टेकवून ठेवला, म्हणजे तुम्हाला मी आणि मागचा रस्ता दोन्ही दिसावं. शेजारी रज्जाकभाई, मांडीवर पेढ्यांचा डबा. त्यांनी शंभरदा बजावलं होतं, "पाय नुसता ठेवायचा मॅडम, लोण्यावर ठेवल्यासारखा." मी तेही चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगला चिकटवलं होतं.

कोपऱ्यावरून मी झोकात वळले. कडुनिंब आला. आणि बत्तीस वर्षांच्या सवयीनं चिठ्ठी वाचली नाही. मी सीटवरून अर्धी उठले आणि सगळं वजन उजव्या पायावर टाकलं.

दुसऱ्या दणक्याची वेळच आली नाही. गाडी जागच्या जागी खिळली. बाकी सगळं पुढं गेलं: माझा चष्मा, पेढे, रज्जाकभाईंची टोपी. फोन काचेवर आपटून माझ्या सीटखाली गेला आणि तिथून अन्वयचा आवाज आला, "आजी कुठं गेली?" सई शांतपणे म्हणाली, "खाली पडली." बाबा "आई, आई" करत होता. मी चष्मा शोधत होते. रज्जाकभाई मात्र दाढीतला पेढा काढत, डोळे भरून रस्त्याकडे बघत म्हणाले, "वा! एक इंच नाय सरकली!"

गाडी बरोबर कडुनिंबासमोरच्या सरूबाईंच्या दारात उभी होती. ही मंडळी अजिंठ्याकडची. तिकडे शेती, इथं दोन्ही मुलगे कारखान्यात. पाळी सुटली की दोन मोटारसायकली हॉर्न वाजवत येतात. अकरा वर्षांपूर्वी मी त्यांना त्याबद्दल एक पत्र पाठवलं होतं. टाइप केलेलं. तेवढंच आमचं संभाषण.

सरूबाई पाण्याचा तांब्या घेऊनच बाहेर आल्या. "मास्तरीणबाई, लागलं नाय ना कुठं? अकरा वर्सांत पहिल्यांदा आमच्या दारात थांबलात, ते बी असं! या आत. चहा टाकलाय."

फोन सापडला. बाबानं माझं कपाळ नीट बघितलं आणि निकाल सांगितला: ब्रेक पास, ड्रायव्हर नापास. रोज संध्याकाळी गल्लीत सराव करायचा. नोव्हेंबरच्या शेवटी फेरपरीक्षा. फाटकासमोर अलगद थांबता आलं, तरच मुलं गाडीत बसतील.

तेव्हापासून मी रोज सराव करते. रोज कडुनिंबापाशीच थांबते, आणि रोज सरूबाई म्हणतात, "आज बी नाय जमलं व्हय?" मग आम्ही तासभर त्यावर बोलतो. त्या पत्राचा विषय त्यांनी अजून काढलेला नाही. मोटारसायकलींचा हॉर्न ऐकू आला की त्या दोन कप जास्त ठेवतात.

खरं सांगायचं तर फाटकासमोर अलगद थांबायला मला तिसऱ्याच दिवशी जमलं. भर दुपारी, गल्लीत कुणी नसताना, मी चार वेळा खात्री करून घेतली आहे. फेरपरीक्षेत मी पास होणारच. पण तोवर बाबाला यातलं काही कळता कामा नये.

(निखिल, शेवटचा परिच्छेद मोठ्यानं वाचू नकोस.)